टेबल उघडलं की टूल झोपतं: रो मोजायला एवढा वेळ का?

शून्याधारित (धागाकर्ता)

मायएसक्यूएल (डेटाबेस सर्व्हर) ८.०. एका डेटाबेसमध्ये सुमारे १८०० टेबलं, एक जुनं मायआयएसएएम टेबल सोडलं तर बाकी सगळी इनोडीबी (टेबल साठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती). लक्षणं अशी:

पीएचपीमायअॅडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायच्या टूलमध्ये) डेटाबेसच्या नावावर क्लिक केलं की टेबलांची यादी यायला ४० सेकंद. व्यवहारांच्या मोठ्या टेबलासमोर रोची (ओळींची) संख्या एके दिवशी ~३.१ कोटी, दुसऱ्या दिवशी ~४.४ कोटी, मधल्या काळात काहीही डिलीट झालेलं नाही. आणि हाताने सिलेक्ट काउंट(*), म्हणजे रो मोजायची क्वेरी, चालवलं तर ३ मिनिटं ४० सेकंदांनी ४,२०,१७,३३६ असं उत्तर. मायआयएसएएम टेबलात २ कोटी रो आहेत, तिथे तेच काउंट पापणी लवायच्या आत येतं.

हे दुखणं सर्व्हरचं, टूलचं, की दोघांचं? आणि बरोबर आकडा पटकन मिळायची काही सोय आहे का?

(सेटिंगांची नावं देवनागरीत लिहितोय. फाईलमध्ये ती रोमनमध्येच असतात हे सांगायला नकोच.)

---

टॅब_की_स्पेस

काउंट(*) ऐवजी काउंट(१) लिहा. लगेच फरक पडेल.

---

बेरीज_वजाबाकी

@टॅब_की_स्पेस, काडीचाही फरक पडणार नाही. इनोडीबी दोन्ही एकाच पद्धतीने हाताळतं, मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येच तसं लिहिलेलं आहे. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये तर काउंट(१) किंचित जास्तच काम करतं, कारण तिथे प्रत्येक रोसाठी तो १ नल (रिकामं मूल्य) आहे का हे तपासलं जातं.

वेगळं आहे ते काउंट(कॉलम). ते नल वगळून मोजतं. त्यामुळे वेळ तोच आणि उत्तर चुकीचं, असा दुहेरी लाभ होऊ शकतो.

---

टॅब_की_स्पेस

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

पानउतारा

मुळात मायआयएसएएम मोजतच नाही. टेबलाची एकूण रोसंख्या त्याने लिहूनच ठेवलेली असते, काउंट(*) विचारलं की तो आकडा वाचून दाखवतो. हे त्याला परवडतं, कारण तिथे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) नाहीत. कोणीही विचारलं तरी उत्तर एकच. व्हेअर (अट) लावून बघा, त्याचाही रुबाब उतरेल.

इनोडीबीत 'टेबलात किती रो आहेत' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. एका सेशनने (जोडणीने) ५०० रो घातल्या आणि अजून कमिट (पक्क्या) केल्या नाहीत, तर त्याला ४,२०,१७,८३६ दिसतात आणि शेजारच्याला ४,२०,१७,३३६. दोघेही बरोबर. म्हणून आकडा लिहून ठेवता येत नाही, प्रत्येक रो 'मला दिसते का' असं विचारत पुढे जावं लागतं.

आता ३ मिनिटं ४० सेकंद कुठे जातात ते बघू. इनोडीबीत टेबल म्हणजेच प्रायमरी कीचा (प्रत्येक रोच्या वेगळ्या ओळखीचा) क्लस्टर्ड इंडेक्स, म्हणजे त्या कीच्या क्रमाने लावलेली सूची, त्याच्या पानांमध्ये अख्खी रो बसलेली. एक रो सरासरी ४०० बाइट धरली तर ४.२ कोटी रो म्हणजे जवळपास १७ जीबी. डिस्क सेकंदाला २०० एमबी देत असेल तर नुसतं वाचायलाच ८५ सेकंद. उलट एखाद्या लहान कॉलमवर सेकंडरी इंडेक्स असेल तर त्याच्या नोंदीत तो कॉलम, प्रायमरी की आणि थोडं हेडर एवढंच असतं. तो इंडेक्स जास्तीत जास्त ६००-९०० एमबीचा भरेल. ५.७ पर्यंत ऑप्टिमायझर (क्वेरीची वाट ठरवणारा भाग) मोजणीसाठी सर्वांत छोटा सेकंडरी इंडेक्स निवडायचा.

८.०.१४ पासून एक गंमत आहे. क्लस्टर्ड इंडेक्स अनेक थ्रेडनी समांतर वाचायची सोय आली (इनोडीबी_पॅरलल_रीड_थ्रेड्स, ८.० मध्ये मूळ मूल्य ४). व्हेअर नसलेलं काउंट(*) त्या वाटेने जातं. टेबल बफर पूलमध्ये (इनोडीबीने मेमरीत राखलेल्या जागेत) मावत असेल तर उत्तम. मावत नसेल तर ९०० एमबीच्या ऐवजी १७ जीबी वाचलं जातं, चार जणांनी मिळून. अपग्रेडनंतर काउंट हळू झालं अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ हेच.

उपाय: नॉट नल असलेल्या आणि इंडेक्स असलेल्या लहान कॉलमवर सर्व रो बसतील अशी अट घाला, उदा. व्हेअर स्टेटस >= ०. मग क्वेरी त्या इंडेक्सवरूनच जाते. एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कोणत्या वाटेने जाणार हे दाखवणाऱ्या आज्ञेत) की आणि 'यूझिंग इंडेक्स' दिसतंय ना ते बघा आणि दोन्ही प्रकारे वेळ लावून पाहा. बफर पूल किती आहे? मूळ मूल्य फक्त १२८ एमबी असतं आणि ते तसंच ठेवलेले सर्व्हर अजून भेटतात.

---

चहाटळ_डीबीए

'चार जणांनी मिळून १७ जीबी वाचलं जातं' :D सरकारी समितीच की.

---

शून्याधारित

बफर पूल ८ जीबी. म्हणजे टेबल मावत नाही. स्टेटसवर इंडेक्स आहे, करून बघतो. पण ३.१ आणि ४.४ कोटींचं काय?

---

बेरीज_वजाबाकी

तो अंदाज आहे, आकड्याआधीचं ते '~' चिन्ह त्यासाठीच. इनोडीबी इंडेक्सची काही पानं उचलतं, त्यांत किती नोंदी आहेत बघतं आणि एकूण पानांनी गुणतं. नमुना मुळात २० पानांचा (इनोडीबी_स्टॅट्स_पर्सिस्टंट_सॅम्पल_पेजेस). रोमध्ये टेक्स्ट कॉलम असतील तर एका पानात ८ रो, दुसऱ्यात ६०, मग २० पानांवरून काय अंदाज येणार? ४०-५० टक्के चुकू शकतं हे मॅन्युअलमध्येच मान्य केलंय.

साधारण १० टक्के रो बदलल्या की स्टॅट्स (हे अंदाज) पुन्हा काढले जातात, वेगळी पानं नमुन्यात येतात, आकडा उडी मारतो. शिवाय ८.० मध्ये इन्फर्मेशन स्कीमातले हे आकडे कॅशमधून येतात, मुदत ८६,४०० सेकंद म्हणजे एक दिवस (इन्फर्मेशन_स्कीमा_स्टॅट्स_एक्स्पायरी). म्हणून दिवसभर तोच आकडा आणि दुसऱ्या दिवशी अचानक नवा. सेशनपुरतं ते ० केलं तर ताजा आकडा मिळतो, पण अंदाजच.

सुधारायचं असेल तर त्या एका टेबलाला ऑल्टर टेबल करून स्टॅट्स_सॅम्पल_पेजेस = २०० द्या आणि अॅनलाइझ टेबल चालवा. सगळ्या सर्व्हरचं मूल्य वाढवू नका, १८०० टेबलांचं अॅनलाइझ जड होईल. आणि त्या टेबलावर लांबलचक क्वेरी चालू असताना अॅनलाइझ मारू नका. ८.० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मागून येणाऱ्या क्वेऱ्या 'वेटिंग फॉर टेबल फ्लश' म्हणत रांग लावतात.

---

हत्तीवाला

पोस्टग्रेसवाल्यांनी हसू नये, आपलंही घर काचेचंच. कारण तेच, प्रत्येक रो दिसते की नाही हे तपासायला लागतं. ९.२ पासून इंडेक्स-ओन्ली स्कॅन आहे, पण तो वेगवान तेव्हाच जेव्हा व्हिजिबिलिटी मॅपमध्ये पान 'सर्वांना दिसणारं' म्हणून नोंदलेलं असतं. ती नोंद व्हॅक्यूम (जुन्या, मेलेल्या रोंची साफसफाई) करतं. एक्सप्लेन अॅनलाइझमध्ये 'हीप फेचेस' लाखोंनी दिसले तर समजा व्हॅक्यूम झालेलं नाही.

यात अडकतात ती फक्त इन्सर्ट होणारी टेबलं, म्हणजे लॉग वगैरे. आवृत्ती १३ च्या आधी ऑटोव्हॅक्यूम मेलेल्या रोंवरच जागं व्हायचं. अपडेट-डिलीटच नाही तर मेलेल्या रो कुठून येणार? मॅप कोराच राहायचा. १३ मध्ये इन्सर्टसाठी वेगळी मर्यादा आली (१००० अधिक टेबलाच्या २० टक्के). जुन्या आवृत्तीवर असाल तर अशा टेबलांना रात्री हाताने व्हॅक्यूम लावा.

अंदाज हवा असेल तर पीजी_क्लासमधलं रेलटपल्स. १४ पासून तिथे -१ दिसलं तर अर्थ 'अजून कधी मोजलंच नाही'. टेबल रिकामं आहे असं समजून ड्रॉप करू नका.

पीजीअॅडमिन ४ (पोस्टग्रेसचं टूल) बद्दल: टेबलाच्या प्रॉपर्टीज टॅबमध्ये अंदाज आणि मोजलेली संख्या वेगवेगळी दाखवतात. अंदाज २००० पेक्षा कमी असेल तरच ते आपणहून मोजतं, तो आकडा प्रेफरन्सेसमध्ये बदलता येतो. कोणी उत्साहाने तिथे १ कोटी लिहून ठेवलं असेल तर प्रत्येक क्लिकला पूर्ण मोजणी. डॅशबोर्डचे आलेखही ठरावीक सेकंदांनी क्वेऱ्या टाकत राहतात, लांबच्या सर्व्हरवर तो टॅब बंद ठेवलेला बरा.

---

निवांत_कर्सर

@हत्तीवाला यांच्या शेवटच्या परिच्छेदावरून आठवलं. धागाकर्त्याची ४० सेकंदांची तक्रार मोठ्या टेबलाची नसावीच. पीएचपीमायअॅडमिनचं मॅक्स-एक्झॅक्ट-काउंट काय आहे? मूळ मूल्य ५०,००० (४.८ च्या आधी ५ लाख होतं). नियम असा: इनोडीबी टेबलाचा अंदाज या आकड्यापेक्षा कमी असेल तर यादी दाखवतानाच खरं सिलेक्ट काउंट चालतं, जास्त असेल तर '~' लावून अंदाज. म्हणजे हा आकडा मोठा केला की त्याखालच्या प्रत्येक टेबलाची मोजणी होते. एका पानावर मुळात २५० टेबलं दिसतात (मॅक्स-टेबल-लिस्ट), म्हणजे २५० मोजण्या.

याशिवाय तपासायच्या दोन गोष्टी. मॅक्स-एक्झॅक्ट-काउंट-व्ह्यूज ० ठेवा. चार जॉइन आणि एक ग्रुप बाय असलेला व्ह्यू (साठवलेली क्वेरी, टेबलासारखी दिसणारी) मोजायचा म्हणजे अख्खी क्वेरी चालवायची. दुसरं रिमेंबर-सॉर्टिंग. हे मुळात चालू असतं. कोणी एकदा इंडेक्स नसलेल्या कॉलमच्या शीर्षकावर क्लिक केलं की ते टूल लक्षात ठेवतं आणि पुढच्या प्रत्येक ब्राउझला त्या कॉलमने ऑर्डर बाय (क्रम) लावतं. २५ ओळी बघायला ४ कोटींचं सॉर्टिंग. लोक सर्व्हरला शिव्या देत बसतात.

---

शून्याधारित

@निवांत_कर्सर दंडवत स्वीकारा. कॉन्फिग फाईलमध्ये मॅक्स-एक्झॅक्ट-काउंट = ५०,००,००० आहे.

---

चहाटळ_डीबीए

एखाद्या बैठकीत 'आम्हाला अंदाज नको, अचूक आकडे हवेत' असं कोणी तरी म्हटलं असणार.

---

खिडकीतून

अवांतर: (मायक्रोसॉफ्टच्या) एसक्यूएल सर्व्हरवाले यात सुखी आहेत. सिस.डीएम_डीबी_पार्टिशन_स्टॅट्समध्ये रोसंख्या तयार असते. इंडेक्स आयडी ० किंवा १ एवढेच घ्या आणि बेरीज करा. ही अट विसरलात तर प्रत्येक नॉनक्लस्टर्ड इंडेक्सच्या रो मिळवल्या जातील आणि टेबल पाचपट फुगलेलं दिसेल. कमिट न झालेले बदलही त्यात डोकावू शकतात, पण रोजच्या कामाला पुरेसं.

नोलॉक (लॉक न बघता वाचायची सूचना) लावून काउंट करू नका. स्कॅन चालू असताना पान फुटलं तर एखादी रो दोनदा मोजली जाते किंवा सुटते. आणि रो २,१४,७४,८३,६४७ च्या वर गेल्या तर काउंट ओव्हरफ्लो देतं, काउंट_बिग वापरावं लागतं.

एसक्यूएल सर्व्हरच्या टूलमधला ऑब्जेक्ट एक्सप्लोरर अडकत असेल तर एखाद्या डेटाबेसवर ऑटो क्लोज चालू आहे का बघा. यादी दाखवताना प्रत्येक वेळी तो डेटाबेस उघडावा लागतो.

---

कीबोर्डची_धूळ

एवढा खटाटोप कशाला? एक मोजणी-टेबल करा, इन्सर्टला +१ आणि डिलीटला -१ असे ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) लावा. आकडा कायम तयार.

---

पानउतारा

@कीबोर्डची_धूळ, असहमत. आकडा तयार राहील पण इन्सर्ट रांगेत उभे राहतील. मोजणी-टेबलातल्या त्या एका रोवर प्रत्येक ट्रान्झॅक्शनला लॉक लागतं आणि कमिटपर्यंत सुटत नाही. दहा सेशन समांतर लिहीत असतील तर ती एकापाठोपाठ एक लिहू लागतात. शिवाय ट्रंकेटला (टेबल एकदम रिकामं करण्याला) डिलीट ट्रिगर चालत नाही, फॉरेन कीच्या कॅस्केडने (दुसऱ्या टेबलातली संबंधित रो उडाल्यामुळे आपोआप) गेलेल्या रोंसाठीही मायएसक्यूएल ट्रिगर चालवत नाही. आकडा हळूहळू भरकटतो.

करायचंच असेल तर एका रोऐवजी १६ किंवा ३२ रो ठेवा, ट्रिगरने त्यांतली कोणतीही एक वाढवावी, वाचताना बेरीज करावी.

---

कीबोर्डची_धूळ

कॅस्केडचं माहीत नव्हतं. मागे घेतो.

---

बेरीज_वजाबाकी

आकडा कशासाठी हवा हे कोणी विचारलं का? पानं पाडायला हवा असेल तर '१०,००० पेक्षा जास्त' एवढं पुरतं. आतल्या क्वेरीत सिलेक्ट १ आणि लिमिट १०,००१, बाहेर काउंट. १०,००१ आलं तर अधिक चिन्ह दाखवा. सर्व्हर १०,००१ रोंवर थांबतो. एसक्यूएल_कॅल्क_फाउंड_रोज वापरत असाल तर सोडा, ते ८.०.१७ पासून मोडीत काढायच्या यादीत आहे आणि लिमिटचा फायदाच घालवतं.

'शेवटचं पान' बटण हाही तसाच सापळा. ऑफसेट (सुरुवातीच्या किती रो सोडायच्या) ४ कोटी म्हणजे ४ कोटी रो वाचून फेकून देणे. प्रायमरी कीने उलटं ऑर्डर बाय लावा, पहिल्या २५ घ्या.

---

लांबचा_पल्ला

टूल हळू असण्याचं आणखी एक कारण, ज्यात सर्व्हरचा काडीमात्र दोष नसतो: अंतर. एका क्वेरीची फेरी ८० मिलिसेकंद आणि टूलने यादीसाठी ३०० क्वेऱ्या एकामागून एक टाकल्या, की २४ सेकंद गेलेच. प्रत्येक क्वेरी सर्व्हरवर १ मिलिसेकंदाची, त्यामुळे स्लो लॉग (हळू क्वेऱ्यांची नोंद) स्वच्छ.

ओळखायचं कसं: काही मिनिटांपुरता जनरल लॉग (प्रत्येक क्वेरीची नोंद) चालू करा, एकदा क्लिक करा, लॉग बंद करा, ओळी मोजा. नंतर बंद करायला विसरू नका, तो डिस्क खातो. उपाय म्हणजे टूल सर्व्हरच्या शेजारी चालवणे, किंवा टूलला कमी विचारायला लावणे. हायडीएसक्यूएल या टूलमध्ये सेशनच्या सेटिंगमध्ये 'गेट फुल टेबल स्टेटस' ची खूण काढा.

मायएसक्यूएलच्या वर्कबेंच या टूलमध्ये ३० सेकंदांनी एरर २०१३ येऊन कनेक्शन तुटतं तो रीड टाइमआउट, प्रेफरन्सेसमध्ये वाढवता येतो. तो वाढवायच्या आधी ती क्वेरी सर्व्हरवर अजून चालू आहे का हे शो प्रोसेसलिस्टमध्ये बघा. लोक तुटलं म्हणून पुन्हा चालवतात, आणि सर्व्हरवर एकाच काउंटच्या पाच प्रती धावत असतात.

---

निवांत_कर्सर

+१. डीबीव्हर या टूलमध्येही खालच्या पट्टीतलं मोजणीचं बटण दाबेपर्यंत ते मोजत नाही, २०० रो आणून थांबतं. हे वागणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. पण त्याचा दुसरा धोका आहे: कमिट मोड 'मॅन्युअल' असेल तर नुसत्या सिलेक्टनेही ट्रान्झॅक्शन उघडतं आणि तुम्ही टॅब तसाच ठेवून जाता.

---

पानउतारा

अगदी! आणि त्याचा या धाग्याशी थेट संबंध आहे. ते विसरलेलं ट्रान्झॅक्शन जुनं चित्र धरून बसतं, म्हणून इनोडीबीला जुन्या आवृत्त्या साफ करता येत नाहीत. शो इंजिन इनोडीबी स्टेटसमध्ये 'हिस्टरी लिस्ट लेंग्थ' वाढत जाते. डिलीट केलेल्या रो नुसत्या खूण लावून जागेवरच राहतात, काउंटला त्याही ओलांडाव्या लागतात. इंडेक्सवरून मोजताना तर जास्त हाल. सेकंडरी इंडेक्सच्या नोंदीत ट्रान्झॅक्शनचा क्रमांक नसतो, फक्त पानावर 'शेवटचा बदल कोणी केला' एवढं असतं. तो बदल आपल्या चित्रानंतरचा असेल तर त्या पानावरच्या नोंदींसाठी क्लस्टर्ड इंडेक्सकडे उडी मारून खात्री करावी लागते. छोट्या इंडेक्सचा सगळा फायदा तिथे संपतो.

@शून्याधारित, हिस्टरी लिस्ट बघा. आणि इन्फर्मेशन स्कीमातल्या इनोडीबी_टीआरएक्समध्ये सुरुवातीच्या वेळेनुसार सर्वांत जुनं ट्रान्झॅक्शन कोणाचं ते बघा.

---

शून्याधारित

हिस्टरी लिस्ट लेंग्थ १ कोटी ८० लाखांच्या वर. सर्वांत जुनं ट्रान्झॅक्शन ९ दिवसांपूर्वीचं, स्थिती 'स्लीप', डेस्कटॉप टूलमधून आलेलं.

---

चहाटळ_डीबीए

नऊ दिवस! ते सेशन आता भाडेकरू कायद्याखाली आलं असेल.

---

हत्तीवाला

पोस्टग्रेसमध्ये हाच आजार 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' नावाने, व्हॅक्यूमचे हात बांधले जातात. तिथे आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावता येतो, मूळ मूल्य ० म्हणजे बंद.

---

पानउतारा

ते जुनं सेशन किल (बंद) करण्याआधी त्याने काही लिहिलंय का ते टीआरएक्स_रोज_मॉडिफाइडमध्ये पाहा. ० असेल तर निर्धास्त. मोठं असेल तर रोलबॅकला (बदल मागे घ्यायला) वेळ लागेल, तेवढ्यात घाबरून सर्व्हर रीस्टार्ट करू नका, उठल्यावर तो रोलबॅक पुन्हा सुरू होतो. साफसफाई मागे चालू राहील, डिस्क थोडी धावेल. गर्दीची वेळ टाळा.

---

शून्याधारित

केलं. मॉडिफाइड ० होतं. दुसऱ्या दिवशीची स्थिती, हिस्टरी लिस्ट २००० च्या आत आल्यावर:

साधं काउंट(*): १ मिनिट ३२ सेकंद. व्हेअर स्टेटस >= ० लावून: पहिल्यांदा १४ सेकंद, लगेच पुन्हा चालवल्यावर ६. मॅक्स-एक्झॅक्ट-काउंट पुन्हा ५०,००० केल्यावर यादी ४० सेकंदांऐवजी ५ सेकंदांत. सॅम्पल पेजेस २०० केल्यावर अंदाज ~४.१ कोटी.

यादीच्या उरलेल्या ५ सेकंदांचं काय?

---

लांबचा_पल्ला

सर्व्हरपर्यंतची फेरी किती मिलिसेकंद?

---

शून्याधारित

६५.

---

लांबचा_पल्ला

मग जनरल लॉगमध्ये साठ-सत्तर क्वेऱ्या सापडतील. मोजून सांगा.

---

टॅब_की_स्पेस

काउंट(*) ने मोजा.